आनुवंशिक, अनुवांशिक आणि खानदानातला बीपी

यवतमाळ जिल्ह्यातील एका आशाताईंना गावच्या फलकावर 'उच्च रक्तदाब अनुवांशिक असतो' असे लिहायचे आहे. हा शब्द शुद्ध आहे का, आणि गावकरी 'आमच्या खानदानातच बीपी हाये' म्हणतात त्याचा अर्थ तोच होतो का, असे त्यांनी विचारले आहे.

शुद्ध रूप 'आनुवंशिक'. 'अनुवंश' या शब्दाला 'इक' लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, जसे प्रसंगाचे प्रासंगिक. 'अनुवांशिक' लिहिताना काना नेमका चुकीच्या अक्षरावर पडतो. छापील पत्रकांतही तो सर्रास दिसतो.

अर्थाचा प्रश्न मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे. 'आनुवंशिक' म्हणजे जनुकांवाटे आलेले, तर 'खानदानातले' यात जनुकांबरोबर चूलही येते. एकाच घरातल्या माणसांच्या पानात तोच खारट ठेचा, तेच लोणचे आणि तेच पापड पडत असतील, तर दोन पिढ्यांच्या रक्तदाबातला सारखेपणा निव्वळ जनुकांच्या नावावर मांडता येत नाही. त्या अर्थाने गावकऱ्यांचा शब्द फलकावरच्या शब्दापेक्षा अधिक नेमका आहे, असे मला वाटते.

'आनुवंशिक उच्च रक्तदाब' हा प्रयोग अगदी चूक नाही, पण तो लिडल सिंड्रोमसारख्या विरळ विकारांसाठी राखून ठेवावा. १९६३ मध्ये वर्णिलेल्या या विकारात एकाच जनुकातील बिघाडामुळे मूत्रपिंड शरीरात सोडियम धरून ठेवते आणि बाधित पालकाच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. सर्वसामान्य उच्च रक्तदाबाचे तसे नाही. त्याच्याशी संबंध असलेल्या जनुकीय जागा शेकड्यांनी सापडल्या असून प्रत्येकीचा वाटा अगदी अल्प असतो. रक्तदाबाची आनुवंशिकता साधारण ३० ते ५० टक्के सांगतात, म्हणजे लोकांलोकांच्या रक्तदाबात जो फरक दिसतो, त्यातला इतका वाटा जनुकांचा. एखाद्याचा निम्मा बीपी बापाकडून आला, असा तिचा अर्थ कोणी लावू नये. वारशाने येते ती प्रवणता, म्हणजे तो होण्याकडचा कल, म्हणून 'जन्मजात' हा शब्दही इथे बसत नाही.

आणखी एक, 'बीपी आहे' हे बोलण्यात चालते, पण रक्तदाब सर्वांनाच असतो, तेव्हा लिहिताना 'उच्च' गाळू नये. फलकासाठी मी असे वाक्य सुचवीन: 'आईवडिलांना उच्च रक्तदाब असेल, तर तुम्हालाही तो होण्याची शक्यता अधिक असते, तपासून घ्या आणि मीठ कमी खा.'