‘पोरगं गाण्यावर पोट भरणार का?’

सोलापुरातील एका टॉवेल कारखान्यात ३० वर्षे पीस-रेटवर, म्हणजे नगामागे मजुरी घेत, राबलेले एक गृहस्थ आपल्या २३ वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलाने हिशेबनिसाची नोकरी सोडली होती आणि स्वतः लिहिलेली, स्वतःच चाल लावलेली गाणी तो घरात रेकॉर्ड करत असे, तेही शेजारचे माग थांबल्यावर, म्हणजे मध्यरात्रीनंतर. “मॅडम, पोरगं दुपारपर्यंत झोपतंय, रात्रभर काय करायलंय कळंना झालंय,” असे वडील म्हणाले.

‘छंद म्हणून कर’ हा सल्ला माझ्याही जिभेवर आला होता. त्याऐवजी मी मुलाला तीन महिने एका वहीत रोजचे तास आणि रुपये लिहायला सांगितले.

वहीत गाण्यांची कमाई जवळजवळ नव्हती. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादे गाणे १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले गेले नाही, तर त्या रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. त्याच्या सहांपैकी दोनच गाण्यांनी तो आकडा ओलांडला होता आणि उरलेल्या चार गाण्यांवरून तो स्वतःला नापास ठरवून बसला होता. मात्र त्याच वहीत गिटारच्या पाच विद्यार्थ्यांची फी, दोन दुकानांच्या जिंगल आणि लग्नांतील संगीताचे कार्यक्रमही होते. ही कामे त्याने घरी कधी सांगितलीच नव्हती, कारण त्याच्या लेखी ते ‘खरे संगीत’ नव्हते. मला खरी अडचण इथे दिसली: जे काम मुलगाच काम म्हणून मोजत नव्हता, ते वडिलांना कुठून दिसणार?

याच काळात एका कंपनीने १५,००० रुपयांत तीन गाण्यांचे सर्व हक्क कायमचे मागितले आणि वडिलांसमोर एकदा रक्कम ठेवता यावी म्हणून तो सही करायला निघाला होता. मी वकील नाही, म्हणून त्याला वकिलाकडे पाठवले. तिथे त्याला समजले की कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकाराला आणि संगीतकाराला रॉयल्टीतील आपला समान वाटा कंपनीला लिहून देता येत नाही, आणि करारात मुदतच नमूद नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. त्याने सही केली नाही. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएसच्या सदस्यत्वाची चौकशी सुरू केली.

पुढे अर्धवेळ हिशेबाचे काम आणि सकाळचे तीन तास फक्त लेखनाला, असे वर्षभरासाठी ठरले. शेवटच्या भेटीत वडिलांनी वही मागून घेतली, बेरजांवरून बोट फिरवले आणि एका ओळीवर थांबून ते मुलाला म्हणाले, “ह्या पोराची दोन महिन्यांची फी राहिलीय. आधी ती आण.”