तुमचे प्रश्न : जुना व्हॉल्व्ह अँप आणि आपली वीज

प्रश्न : भावाने अमेरिकेहून सत्तरच्या दशकातला फेंडर डिलक्स रिव्हर्ब हा गिटार अँप आणलाय. बरीच वर्षं बंद होता. वायर दोन पिनांची, मागे ११७ व्होल्ट लिहिलेलं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून सुरू करू का? – वाचक, ठाणे

उत्तर : लगेच नको. अँपमधला ६० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो, कारण कोअरमधला चुंबकीय फ्लक्स व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सी या हिशेबाने चालतो. १२० व्होल्ट दिलेत तर तो सुमारे २३ टक्के वाढतो, ११० वर १३ टक्के. म्हणून स्टेप-डाउनचा ११०चा टॅप (आउटपुट) घ्या. व्हॉल्व्हच्या फिलामेंटला ६.३ ऐवजी ५.९ व्होल्ट मिळतील, तेवढं चालतं. ३०० व्हीएचा स्टेप-डाउन पुरे. मात्र त्याचं आउटपुट सॉकेट तीन पिनांचं आणि अर्थ आरपार जोडलेलं हवं. स्वस्तातल्या बऱ्याच डब्यांत अर्थ मधेच संपतो.

मग अँपची वायर बदलून तीन कोअरची घाला. फेज आधी फ्यूजला (२ अँपिअर, स्लो-ब्लो), तिथून स्विचला, मग ट्रान्सफॉर्मरला. न्यूट्रल सरळ ट्रान्सफॉर्मरला. अर्थ चॅसीला (पत्र्याच्या सांगाड्याला), वेगळ्या बोल्टने. ग्राउंड स्विचवरून चॅसीला गेलेला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर कापून टाका. तो शॉर्ट झाला तर मेन्स थेट गिटारच्या तारांवर येते.

फिल्टर कंडेन्सर पत्र्याच्या झाकणाखाली असतात: १६ मायक्रोफॅरडचे पाच. घूं आवाज येत नसला तरी पाचही बदला. ५०० व्होल्टचे, १६ किंवा २२ मायक्रोफॅरडचे घ्या. दुकानदार ४००चे ‘चालतील’ म्हणाला तरी नको, कारण ६व्ही६ (आउटपुटचे व्हॉल्व्ह) तापून करंट ओढायच्या आत व्होल्टेज बरंच वर जातं. पहिले दोन समांतर असतात, म्हणजे २२चे घातले तर बेरीज ४४. जीझेड३४ या रेक्टिफायर व्हॉल्व्हपुढच्या पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ६०, तेव्हा ‘जास्त तितकं बरं’ इथे लागू नाही. हात घालण्याआधी प्लग काढून १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर क्लिपने चॅसीला जोडा, दुसरं टोक प्रत्येक कंडेन्सरच्या प्लसला काही सेकंद धरा आणि मीटरवर खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करणं बंद करा. हे ४०० व्होल्ट डीसी आहे. जमत नसेल तर जुन्या रेडिओ मेकॅनिकला गाठा.

पहिल्यांदा सुरू करताना सगळे व्हॉल्व्ह काढा आणि स्टेप-डाउनच्या आधी १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घ्या. बल्ब क्षणभर लकाकून मंदावला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

प्रश्न : याच मॉडेलमध्ये एका ६व्ही६ची प्लेट लाल होते. नवा घातला, तोही लाल. – वाचक, पुणे

उत्तर : तिसरा घालू नका, दोष सॉकेटच्या मागे आहे. दोन्ही ६व्ही६ काढून पाच नंबरच्या पिनवर डीसी मोजा: दोन्हीकडे सारखंच, उणे ३५च्या आसपास हवं (हा बायस). एकाच बाजूला कमी भरलं तर त्या बाजूचा ०.१ मायक्रोफॅरडचा कपलिंग कंडेन्सर गळतोय. दोन्हीकडे कमी असेल तर बायसचा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळलाय. दुरुस्तीनंतर आठ नंबरची पिन आणि चॅसी यांच्यात १ ओहमचा रेझिस्टर घाला. मग जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. प्लेटला ४१५ व्होल्ट असतील तर बायस जुळवताना प्रत्येकी २० ते २२ मिलिअँपिअरवर थांबा.

प्रश्न : पावसाळ्यात व्हॉल्यूम शून्यावर असतानाही चरचर येते. – वाचक, म्हापसा

उत्तर : स्टँडबायवर टाकून इनपुटच्या बाजूने एकेक छोटा व्हॉल्व्ह काढत जा. ज्याच्या काढण्याने चरचर थांबते तिथे नवा घाला. तरीही आली तर त्याच्या प्लेटचा १०० किलोओहमचा कार्बन रेझिस्टर बदला, मेटल फिल्म १ वॅट. तोही निर्दोष निघाला तर सुटे भाग ज्यावर जोडलेत तो फायबर बोर्ड ओल धरतोय. मीटरचं काळं टोक चॅसीला, लाल टोक दोन आयलेटच्या (सोल्डरच्या धातूच्या कड्यांच्या) मधल्या मोकळ्या बोर्डवर टेकवा. तिथे काही व्होल्ट दिसले की निदान झालं. अँप बंद व डिस्चार्ज करून सोल्डरिंगचा जुना फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, हेअर ड्रायरने मंद वाळवा. ओल पुन्हा पुन्हा धरत असेल तर तेवढे जोड बोर्डवरून उचलून हवेतच सोल्डर करा.