फोन ऐकतात म्हटलं की माणसाला लगेच येड्यात का काढतात?

तुम्ही विचारलंय की सरकार पाळत ठेवतं असं बोललं की घरचेच कॉन्स्पिरसीवाला म्हणतात, तर सामान्य माणसाचा फोन खरंच ऐकतात का?

ऐकतात. सगळ्यांचा नाही, पण ऐकतात. टेलिफोनच्या नोकरीत चौतीस वर्षं काढून 2020 ला व्हीआरएस घेतलेला माणूस सांगून राहिला आहे, फॉरवर्ड वाचून नाही.

1994-95 ची गोष्ट. नागपुरातल्याच एका एक्स्चेंजला मी एमडीएफवर होतो, म्हणजे सगळ्या लाईनी जिथं येऊन जोडल्या जातात त्या फ्रेमवर. तारांच्या एका जोडीवर पॅरलल मारलेला, म्हणजे तीच लाईन दुसरीकडे ऐकू जावी असा फाटा काढलेला दिसला. जंपर, म्हणजे जोडणीची तार, भलत्याच जोडीकडे गेलेला, आणि त्या जोडीची आमच्या रजिस्टरमध्ये नोंद नाही. साहेबांना विचारलं. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि म्हणाले, "ते राहू दे. वरून कागद आहे." विषय संपला.

नंबर कोणाचा ते मला पाठ होतं. इतवारीतले एक धान्याचे व्यापारी. दिवाळीला आम्हा लाईनवाल्या पोरांना चिवड्याची पुडी न चुकता देणारे. पंधराएक दिवसांनी त्यांचीच कंप्लेंट आली म्हणून गेलो, तर काका गादीवर सरकले, मला बसवलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "भाऊ, लाईनीत खरखर येते. कोनी आयकून तं नाही राहिलं?"

मी रिसीव्हर कानाला लावला. डायल टोन स्वच्छ. (नीट मारलेल्या पॅरललनं खरखर येत नाही. ते सिनेमात.) आणि सगळं माहीत असून मी म्हणालो, "काका, तुमचा फोन आयकून कोनाले काय भेटनार हाय?" मुनीम खो खो हसला. काका ओशाळले, उगाच वजनमापं सरकवत बसले. त्यानंतर मी दिसलो की मुनीम म्हणायचा, "शेठच्या डोक्यात भूत शिरलं." मीही हसायचो. काकांनी काय केलं होतं, काही केलं होतं की नाही, मला आजवर कळलेलं नाही.

आता 2021 चा जुलै. पेगॅससच्या, म्हणजे फोनमध्ये घुसून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, बातम्या आल्या तो आठवडा. साळ्याच्या घरी रविवारी तर्री पोह्याचा बेत. मी एवढंच म्हणालो की 2019 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं स्वतः ज्या लोकांना सावध केलं होतं त्यात आपल्या नागपूरचे एक वकीलही होते. साळा म्हणतो, "भाऊजी, तुमचा फोन आयकून सरकारले काय भेटनार?" जवळजवळ शब्दन् शब्द तोच, मी काकांना म्हणालो होतो तो. पुढे पाहुण्यांना ओळख करून देतो, "हे आमचे कॉन्स्पिरसीवाले भाऊजी." बायकोसुद्धा हसली. माझी तर्री तशीच गार झाली.

कायद्याचं थोडक्यात. मूळ आधार 1885 चा तार कायदा. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टानं अटी घातल्या : आदेश गृहसचिवाचा, एका वेळी दोन महिने, वाढवून जास्तीत जास्त सहा महिने, आणि वर एक आढावा समिती. समितीत कोण, तर पुन्हा सचिवच. न्यायाधीश नाही. 2023 चा नवा दूरसंचार कायदा आला तरी सांगाडा तोच राहिला. 2013 मध्ये माहिती अधिकारात एकट्या केंद्राकडून उत्तर आलं होतं, महिन्याला सरासरी 7,500 ते 9,000 फोन ऐकण्याचे आदेश. आणि ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरसुद्धा कळवायचं बंधन कोणावर नाही. म्हणजे काकांनी मरेपर्यंत शंका घेतली असती तरी सिद्ध काही करता आलं नसतं. सिद्ध होत नाही म्हणून येडा. तेव्हा निदान जंपर माझ्यासारख्याच्या डोळ्याला दिसायचा. आता सेंट्रल मॉनिटरिंग सिस्टीममध्ये, म्हणजे सरकारच्या थेट फोन ऐकायच्या यंत्रणेत, लाईनवाल्याचं काही कामच उरलं नाही.

"लपवण्यासारखं काय आहे" म्हणणाऱ्याला त्याचा फोन अनलॉक करून टेबलावर ठेवायला सांगा. मी साळ्याला सांगितलं होतं. त्याला तेवढ्यात गॅस बंद करायचं आठवलं.

हां, पण सगळंच खरं मानू नका. चपलेबद्दल बोललो आणि चपलेची जाहिरात आली, हा धंदा कंपन्यांचा, त्यात गृहसचिव नसतो. पेगॅससचंही, 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं नेमलेल्या समितीनं 29 फोन तपासले, पाचांत मालवेअर निघालं, ते पेगॅससच असं ठाम सांगता आलं नाही. सरकारनं सहकार्य केलं नाही असंही समितीनं म्हटलं, ते साळा सोयीनं विसरतो. आणि कोरोनात टॉवरबद्दलचा एक मूर्ख मेसेज मीही पुढे ढकलला होता, बायको अजून काढते.

पण त्याच लॉकडाऊनमध्ये फॅमिली ग्रुपवर "दोन निळ्या टिक आणि एक लाल म्हणजे सरकार कारवाई करणार" हा शुद्ध खोटा मेसेज कोणी टाकला होता? साळ्यानं. खाली हात जोडलेले तीन इमोजी. मी तो स्टार करून ठेवला आहे. पुढच्या महिन्यात भाच्याचं लग्न आहे, पाहुणे तेच आहेत.