निवडपत्र आलं, आता पुढे काय?

परदेशातल्या इंटर्नशिपसाठी निवड झालेल्या मुलामुलींची आणि त्यांच्या आईवडिलांची पत्रं या वेळी बरीच आली. मुलाखतीची तयारी कशी करायची हे सांगणारे खूप भेटतात. निवडपत्र आल्यापासून विमानात बसेपर्यंतच्या तीन महिन्यांत काय करायचं, हे मात्र कुणी नीट सांगत नाही, ही तक्रार बहुतेक पत्रांत आहे. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : मी हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेतल्या एका हॉटेलात बारा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी निवड झाली आहे. माझ्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं नाव आहे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असून पूर्ण नाव एकाच ओळीत आलंय. यामुळे कुठे अडेल का? — एक विद्यार्थिनी, नांदेड

नावांच्या क्रमामुळे अडत नाही. महाराष्ट्रातल्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, हे मुंबईतल्या व्हिसा अधिकाऱ्यांना नवीन नाही. अडतं ते आडनावाच्या रिकाम्या रकान्यामुळे. अमेरिकेच्या कागदपत्रांत आडनाव सक्तीचं आहे. पासपोर्टवर ते नसेल तर तुमचं अख्खं नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ अशी तीन अक्षरं येतात, म्हणजे ‘पहिलं नाव माहीत नाही’. व्हिसा यावरही मिळतो. पण तीच तीन अक्षरं पुढे तिथल्या इतर कागदांवर आणि पगाराच्या पावतीवर येऊ शकतात. बँकेत खातं उघडताना दर वेळी ती समजावून सांगावी लागतात.

म्हणून पासपोर्ट आधी दुरुस्त करून घ्या, बाकी सगळं नंतर. पुन्हा पासपोर्ट काढण्याच्या अर्जात ‘वैयक्तिक तपशिलात बदल’ हे कारण निवडा. ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे, तत्काळ हवा असेल तर वर २,००० रुपये. यात बहुतेक वेळ जातो तो पोलीस पडताळणीत. अर्जावर गावाकडचा पत्ता आणि तुम्ही मात्र होस्टेलवर, असं असेल तर हवालदार घरी येतो, तुम्ही भेटत नाही आणि अहवाल प्रतिकूल जातो. सध्या राहता तोच पत्ता द्या, आणि पडताळणी होईपर्यंत तिथे थांबा.

एका कागदावर वडिलांचं नाव ‘दत्ता’ आणि दुसऱ्यावर ‘दत्तात्रय’ असेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या आणि मूळ कागदांसोबत ठेवा.

नवा पासपोर्ट हातात आल्याशिवाय प्रायोजक संस्थेला, म्हणजे तुमची इंटर्नशिप पुरस्कृत करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेला, डीएस-२०१९ हा फॉर्म काढू देऊ नका. तुमचा जे-१ व्हिसा (इंटर्नशिपसारख्या देवाणघेवाण कार्यक्रमांचा व्हिसा) याच फॉर्मवर उभा असतो, आणि त्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळावं लागतं. जुन्या नावाने तो निघाला तर पुन्हा काढावा लागतो. फॉर्म आला की सेव्हिसची, म्हणजे अमेरिकेत येणाऱ्या विद्यार्थी-इंटर्नच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेची, फी भरायची, इंटर्नसाठी २२० डॉलर. मग डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज, मग व्हिसाची फी १८५ डॉलर, आणि त्यानंतर मुंबईतल्या दोन तारखा : एक बोटांच्या ठशांची, दुसरी बांद्रा-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखतीची. डीएस-१६० मध्ये गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडियावरची सगळी खाती विचारतात. बंद पडलेलं खातंही लिहा. जून २०२५ पासून जे-१ च्या अर्जदारांना ही खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं.

मुलाखतीच्या दिवसाबद्दल एक काळजी घ्या. देवगिरी किंवा नंदिग्रामने रात्रभर प्रवास करून सकाळी उतरायचं आणि तसंच थेट वकिलातीत जायचं, असा बेत करू नका. गाडीला दोन तास उशीर झाला की तारीख गेली. आदल्या दिवशी मुंबईत पोचा. मोबाइल, लॅपटॉप, मोठी बॅग आत नेता येत नाही आणि ठेवायची सोयही वकिलात करत नाही, त्यामुळे सोबत कुणीतरी असू द्या. फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चष्म्याशिवाय आणि सहा महिन्यांच्या आतला हवा.

प्रश्न : कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेतल्या एका दुग्धशाळेत इंटर्नशिप मिळाली. त्यांनी ‘ट्रेनिंग प्लॅन’ सहीसाठी पाठवलाय, पण इंग्रजी जड आहे. न वाचता सही केली तर चालेल का? — परभणी

चालणार नाही. तुमच्या सगळ्या कागदांत जपून वाचायचा कागद हाच. त्याचं नाव डीएस-७००२. कुठल्या टप्प्यात काय शिकणार, कोण शिकवणार, आठवड्याला किती तास आणि किती मोबदला, हे सगळं त्यात असतं. उद्या तिथे नुसतं शेण काढायला लावलं तर दाद मागायला तुमच्याकडे हाच कागद असेल.

वाचताना तासांपासून सुरुवात करा. नियमाप्रमाणे आठवड्याला किमान ३२ तास प्रशिक्षण हवं, आणि कारकुनी काम २० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. अकुशल मजुरीच्या कामावर इंटर्न ठेवता येत नाही. ‘फार्म वर्क’ एवढे दोनच शब्द सगळ्या टप्प्यांत लिहिले असतील तर सही थांबवा आणि तपशील मागा : दूध काढण्याच्या यंत्राची स्वच्छता आणि तपासणी, कासदाहाची लक्षणं ओळखणं, खाद्याचं मिश्रण ठरवणं, वासरांची नोंद ठेवणं. हॉटेलवाल्यांसाठीही नियम आहे : सहा महिने किंवा त्याहून मोठ्या कार्यक्रमात किमान तीन विभागांत फिरवावं लागतं. बारा महिने फक्त हाउसकीपिंग लिहिलेला प्लॅन नियमात बसत नाही.

मग पैशाचा हिशेब मांडा. उदाहरणादाखल तासाला १५ डॉलर आणि आठवड्याला ४० तास धरले तर आठवड्याचे ६००, महिन्याचे साधारण २,६०० डॉलर होतात. त्यातून कर जातो. राहायची जागा मालकाची असेल तर तिचं भाडं पगारातून कापतात का आणि किती, हे लेखी घ्या. त्याहून महत्त्वाचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत : शेतापासून किराणा दुकान किती मैलांवर आहे आणि तिथे न्यायला कोण? खेड्यातल्या डेअरीला बस नसते. आठवड्यातून एकदा गाडी मिळेल, एवढं एक वाक्य ईमेलवर आलं तरी पुरे.

पहिली पगाराची पावती नीट पाहा. जे-१ वरच्या, करासाठी अनिवासी असलेल्या इंटर्नला सोशल सिक्युरिटी (निवृत्तीवेतनासाठीचा) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांच्या आरोग्यासाठीचा) हे कर लागत नाहीत, दोन्ही मिळून ७.६५ टक्के. छोट्या जागी हिशेब ठेवणाऱ्याला हे माहीत नसतं आणि तो सवयीने कापतो. तेव्हाच दाखवून दिलं तर मालकाकडून परत मिळतं, वर्षभराने मागायला गेलात तर फार कागद करावे लागतात.

आरोग्यविमाही सक्तीचा आहे. प्रत्येक आजार किंवा अपघाताला किमान १,००,००० डॉलर, उपचारासाठी मायदेशी हलवायला ५०,००० डॉलर, मृतदेह परत आणायला २५,००० डॉलर, आणि तुमच्या खिशातून जाणारा पहिला वाटा ५०० डॉलरच्या वर नको. आपल्याकडची स्वस्त ‘ट्रॅव्हल पॉलिसी’ बऱ्याचदा यातल्या एखाद्या आकड्यात कमी पडते. आकडे एकेक करून जुळवा.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेला इंटर्नशिपला चाललाय. एजंट म्हणतो, खात्यावर दहा लाख दाखवा, नाहीतर व्हिसा नाही. आमच्याकडे पाच एकर कोरडवाहू आहे. सातबारा चालेल का? सोबत किती पैसे द्यावेत? — एक शेतकरी पालक, बीड जिल्हा

व्याजाने पैसे काढून खात्यावर टाकू नका, हे आधी सांगतो. स्टेटमेंटवर आदल्या आठवड्यात आलेली मोठी रक्कम अधिकाऱ्याला लगेच दिसते, आणि ती कुठून आली याचं उत्तर मुलाला द्यावं लागतं. पगारी इंटर्नशिपमध्ये खर्च कशातून भागणार हे डीएस-२०१९ वरच लिहिलेलं असतं. तुमचं खरं खातं, त्यावर पीक विकून आलेले पैसे, सोबत सातबारा आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, एवढं पुरे. सातबारा मुख्य कागद नाही. पण मुलाची मुळं इथे आहेत, तो परत येणार, हे त्यातून दिसतं आणि मुलाखतीत खरा प्रश्न तोच असतो.

एजंटची पारखही करून घ्या. डीएस-२०१९ काढायचा अधिकार अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेल्या प्रायोजक संस्थांनाच आहे, आणि त्यांची यादी त्या खात्याच्या जे-१ च्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. मुलाच्या कागदावरच्या संस्थेचं नाव त्या यादीत शोधा. सेव्हिसची आणि व्हिसाची फी मुलाने स्वतः ऑनलाइन भरावी. ‘वकिलातीत ओळख आहे’ म्हणून पैसे मागणाऱ्याला उठून जायला सांगा.

सोबतच्या पैशाचं असं आहे : पहिला पगार हाती यायला तीन-चार आठवडे लागतात. सोशल सिक्युरिटी नंबरसाठी (पगारासाठी लागणारा तिथला क्रमांक) पोचल्यावर दहाएक दिवस थांबून अर्ज करावा लागतो, कारण तोवर मुलाच्या सरकारी नोंदी एकमेकांशी जुळलेल्या नसतात. दरम्यान जागेचं डिपॉझिट, पहिलं भाडं आणि किराणा. १,५०० ते २,००० डॉलर असले म्हणजे मुलगा कुणापुढे हात पसरणार नाही. रोख ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, पण ३०० रोख आणि बाकी फॉरेक्स कार्डावर (आधीच डॉलर भरून घेतलेलं कार्ड), हे बरं.

आणि मुलाचं इथलं सिमकार्ड बंद पडू देऊ नका. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. निघण्याआधी रोमिंग चालू करून एक मेसेज येतो का पाहा, आणि डेबिट कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून चालू करा. २०२० पासून नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी सुरू करून देतात. तिकडे पोचल्यावर हे सुधारायला गेलं की ओटीपीच येत नाही, आणि सगळं तिथेच अडतं.

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जर्मनीत सहा महिन्यांचं प्राक्टिकुम (इंटर्नशिप) मिळालंय. तिथली प्रक्रिया वेगळी आहे का? — छत्रपती संभाजीनगर

वेगळी आहे, आणि सुरुवात कंपनीच्या बाजूने होते. अभ्यासक्रमाशी जोडलेल्या इंटर्नशिपला तिथल्या रोजगार विभागाची संमती लागते. त्यासाठी तुमचे चार सेमिस्टर पूर्ण झालेले हवेत आणि इंटर्नशिप जास्तीत जास्त बारा महिन्यांची. तुमच्या कॉलेजचं पत्र हवं ते नेमकं याच गोष्टी सांगणारं : कुठल्या सेमिस्टरला आहात, हे काम कुठल्या विषयाशी जोडलेलं आहे. ‘हा विद्यार्थी हुशार व होतकरू आहे’ या पत्राचा तिथे काही उपयोग नाही. राष्ट्रीय व्हिसाची (लांब मुक्कामाच्या व्हिसाची) फी ७५ युरो, फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. अमेरिकेचा फोटो इथे चालत नाही.

पोचल्यावर घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करायची. त्याला घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो. तो फॉर्म मिळणार का, हे जागा ठरवतानाच विचारा. बरेच मालक थोड्या दिवसांसाठी खोली देतात पण नोंदीला नाही म्हणतात.

आणि पत्रपेटीवर नाव लावा. तिथल्या इमारतींत फ्लॅटला बहुधा नंबर नसतो, पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. नोंदीनंतर तुमचा कर ओळख क्रमांक टपालाने येतो. पेटीवर नाव नसेल तर ते पत्र परत जातं, आणि क्रमांक नसल्याने पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो. दोन बोटं रुंदीची चिठ्ठी आणि चिकटपट्टी, पण ती पहिल्याच दिवशी.

प्रश्न : सामानात काय न्यावं? आई म्हणते खव्याचे पेढे, तूप, येसर आणि इलेक्ट्रिक किटली. — लातूर

येसर न्या. भाजलेला, दळलेला मसाला, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ हे बंद पाकिटात, वर नाव लिहून. अमेरिकेत उतरताना फॉर्मवर किंवा तोंडी ‘खाद्यपदार्थ आहेत’ असं सांगा. सांगितलं तर फार तर एखादी वस्तू काढून घेतात, लपवलं तर दंड होतो. ताजा कढीपत्ता, फळं, बियाणं, मांस अमेरिका आणि जर्मनी दोन्हीकडे नेऊ नका. जर्मनीला जाणार असाल तर तूप आणि पेढेही घरीच ठेवा. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्याला कुंथलगिरीचा खवाही अपवाद नाही.

किटलीखालचं लेबल वाचा. ‘२२०–२४० व्होल्ट’ लिहिलं असेल तर अमेरिकेत १२० व्होल्टवर पाणी तापायला फार वेळ लागेल. मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरवर ‘१००–२४०’ असतं, ते दोन्हीकडे चालतात, फक्त ॲडॉप्टर लागतो. आपली जाड गोल तीन पिनांची खूंट जर्मन सॉकेटमध्येही बसत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात चालत नाही. मर्यादा १०० वॉट-अवर आहे, २०,००० एमएएचची बँक साधारण ७४ ची असते.

नेहमीची औषधं तीन महिन्यांची, मूळ पाकिटात, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या ब्रँडऐवजी मूळ रसायनाचं नाव लिहून घ्या. निवडपत्र, डीएस-२०१९ किंवा करार, विम्याचा कागद आणि पहिल्या मुक्कामाचा पत्ता हे सगळं छापून हातातल्या बॅगेत ठेवा. इमिग्रेशनच्या रांगेत फोन वापरू देत नाहीत.