पॅलेस्टाईनचं भरतकाम विकायला घेताना

प्रिय मुली,

पॅलेस्टिनी कारागिरांच्या वस्तू पुण्यात आणून विकायचा तुझा बेत वाचून फार बरं वाटलं. काम अवघड आहे, पण नक्की करण्याजोगं आहे. माहितीपत्रकातलं ‘एक उशी घ्या, एक कुटुंब वाचवा’ हे वाक्य मात्र आधी खोडून टाक. दयेपोटी माणूस उशी एकदाच घेतो, आणि निर्वासितांच्या छावणीतल्या घरात बसून टाके घालणाऱ्या बाईला पुढच्या वर्षीही काम लागणार आहे. ती उशी सुंदर आहे म्हणून घेणारं गिऱ्हाईक तुला शोधायचंय.

त्यासाठी आधी तुला माल ओळखता आला पाहिजे. तिथल्या भरतकामाला तत्रीझ म्हणतात. ते मुख्यतः क्रॉस स्टिचचं असतं. सरूची झाडं, बेथलेहेमचा चंद्र, पाशाचे तंबू अशी नक्ष्यांची नावं आहेत. पूर्वी झग्यावरच्या नक्षीवरून बाई कुठल्या भागातली ते ओळखता यायचं. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन होतानाच्या युद्धात शेकडो गावं उजाड झाली, माणसं निर्वासित छावण्यांत गेली, आणि स्वतःच्या लग्नासाठी भरायचा झगा बायका पोटासाठी भरू लागल्या. गाझातलं सुलाफा भरतकाम केंद्र १९५० मध्ये निर्वासित बायकांसाठीच निघालं. २०२१ मध्ये युनेस्कोने या कलेची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. स्टॉलवर आलेल्या बाईंना हे सांग. त्यांच्या हातात तुकडा दे आणि उलटा करून दाखव. हाताच्या कामात मागच्या बाजूला धागा एका फुलापासून दुसऱ्याकडे गेलेला दिसतो, यंत्राच्या कामात बारीक दोऱ्याची एकसारखी जाळी. पैठणीचा पदर उलटून पाहणाऱ्या बाईला हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

काळ्या-पांढऱ्या कुफियाबाबत, म्हणजे डोक्याला-गळ्याला गुंडाळायच्या त्या रुमालाबाबत, विशेष जप. बाजारातल्या बहुतेक कुफिया चीनमधून येतात. हेब्रॉनमध्ये १९६१ मध्ये सुरू झालेला हिरबावींचा कारखाना जपानी मागांवर अजून त्या विणतो; नव्वदच्या दशकात स्वस्त आयात मालाने तो जवळजवळ बंद पाडला होता. कुठून आली हे खात्रीने सांगता येत नसेल, तर ती कुफिया ठेवूच नकोस.

आता पैशांचं. इथेच बरेच जण घसरतात. माल विकला गेला की पैसे देऊ, असं चुकूनही म्हणू नकोस. कापड, धागा, लाकूड कारागिराने आधी विकत घ्यायचं आणि तुझ्या विक्रीची वाट बघायची, हा उधारीचा बोजा त्यांच्यावर टाकण्यासारखं आहे. जागतिक फेअर ट्रेड (रास्त व्यापार) संघटनेच्या नियमांत हस्तकलेसाठी, मागितल्यास, निदान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची असते. तू न मागता दे. किंमत त्यांना सांगू दे आणि त्यावर घासाघीस करू नकोस. मग वाहतूक, सीमाशुल्क, जीएसटी, तुटफूट, प्रदर्शनाचं भाडं आणि तुझा स्वतःचा पगारही विक्रीच्या किमतीत धर. स्वतःचा पगार न धरणारे लोक दोन वर्षांत दमून दुकान बंद करतात, आणि तिकडे ऑर्डर बंद होते.

एकेकट्या माणसाशी व्यवहार करण्यापेक्षा संस्थेमार्फत सुरुवात कर. जेरुसलेमची सुंबुला आहे. बेत साहूरमध्ये १९८१ पासूनची होली लँड हँडिक्राफ्ट सहकारी संस्था आहे, ती ऑलिव्हच्या लाकडाचं कोरीवकाम करणाऱ्यांची. बेथलेहेम परिसरातल्या या कोरीवकामाचा संसार यात्रेकरूंवर चालायचा. आधी कोरोना आला, मग ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाचं युद्ध सुरू झाल्यावर यात्रेकरू जवळजवळ थांबलेच. त्यामुळे बाहेरून आलेल्या ऑर्डरचं मोल आज फार आहे.

गाझाचं नाव लावून कोणी ‘ताजा माल’ दाखवला तर कोणी, कुठे, केव्हा बनवला हे विचार. उत्तर गुळमुळीत आलं तर घेऊ नकोस. त्या नावावर लोकांचे डोळे भरून येतात आणि त्याचा फायदा घेणारेही असतात.

नाब्लुसचा ऑलिव्ह तेलाचा साबण तुला खुणावतोय, ठाऊक आहे. त्या वड्यांचे उंच पोकळ मनोरे रचून वाळवतात, ते पाहून कोणीही भुलेल. पण भारतात साबण सौंदर्यप्रसाधनांत मोडतो आणि आयातीसाठी वेगळी नोंदणी लागते. हेब्रॉनची काच वाटेत फुटते. भरतकाम हलकं, न फुटणारं. पहिली खेप बटवे आणि उशांच्या अभ्र्यांचीच मागव. त्याआधी आयात-निर्यात कोड काढ आणि सीमाशुल्काचं काम करणारा जाणकार एजंट गाठ.

वेळेचं गणित डोक्यात ठेव. तुझी विक्री दिवाळीत, आणि तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे ऑलिव्हची तोडणी. अख्खं घर शेतात असतं. दिवाळीचा माल फेब्रुवारी-मार्चमध्येच सांग. पॅलेस्टिनींच्या ताब्यात ना बंदर ना विमानतळ, जवळजवळ सगळा माल इस्रायलच्या ताब्यातल्या नाक्यांतून बाहेर पडतो. रस्ता बंद झाला तर खोकं आठवडे अडकतं. उशीर झाला म्हणून त्यांच्यावर चिडू नकोस आणि दंडाचं कलम तर घालूच नकोस.

बनवणाऱ्यांचे, त्यांच्या मुलांचे फोटो विचारल्याशिवाय लावू नकोस. वस्तूच्या चिठ्ठीवर गाव, नक्षीचं नाव, संस्थेचं नाव आणि किमतीतले किती रुपये कारागिराला गेले एवढं लिही. तो आकडा लिहायला संकोच वाटला तर किंमत पुन्हा मांड.

पहिली ऑर्डर लहान ठेव, म्हणजे सहा महिन्यांत दुसरी देता येईल. नमुने आले की घेऊन ये. चिठ्ठ्यांचा मजकूर आपण दोघी बसून करू.

तुझी,
मावशी