हातमोजे घालायच्या आधी

प्रिय बेटा,

नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या प्रसूती विभागात रुजू झालीस, फार बरं वाटलं. दिवस भरत आलेल्या बाईचं स्वीपिंग, म्हणजे कळा आपोआप याव्यात म्हणून गर्भपिशवीच्या तोंडातून बोट फिरवणं, कधी करावं, असं तू विचारलंस. हात कसा चालवायचा ते सीनियर शिकवतील. मी त्याआधीचं सांगते.

पहिलं म्हणजे दिवस नीट मोज. पुष्कळ जणींना पाळीची तारीख आठवत नाही, सण आठवतो. ‘मारबतीच्या दिवशी आली होती,’ असं कोणी म्हणाली की कॅलेंडर उघड. पोळ्याचा दुसरा दिवस, तारीख मिळाली. मग पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी मागून ताडून बघ. नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून दिवस काढू नकोस, त्यात दोन-तीन आठवड्यांचा फरक पडू शकतो.

ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०२१ च्या सूचनांनुसार ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर हा विषय काढावा. तारीख पक्की नसेल तर मी आणखी थांबते. ४१ आठवड्यांनंतर बाळाचा धोका वाढत जातो, म्हणून तेव्हा औषधाने कळा सुरू करायचा सल्ला देतात. ती वेळ टळावी म्हणून स्वीपिंग. गर्भपिशवीच्या तोंडातून बोट गोल फिरवलं की पाण्याची पिशवी कडेपासून सुटते आणि कळा सुरू व्हायला मदत करणारं प्रोस्टाग्लँडिन तिथल्या तिथे तयार होतं. तोंड बंद असेल तर रेटू नकोस. वार खाली असेल किंवा पाणी गेलेलं असेल तर करायचंच नाही.

कॉक्रेन ही संस्था अनेक अभ्यास एकत्र तपासते; तिच्या २०२० च्या आढाव्यात, स्वीपिंग न केलेल्या हजारांपैकी ३१३ जणींना कृत्रिम कळा द्याव्या लागल्या, केलेल्यांपैकी २२८ जणींना. पुरावा फार भक्कम नाही, सिझेरियन घटल्याचंही स्पष्ट दिसलं नाही. तेव्हा ‘आज रात्री मोकळी होशील’ असं कोणालाही सांगू नकोस.

आणि हे मनावर घे. नुसती तपासणी म्हणायचं आणि न सांगता बोट फिरवून टाकायचं, हे मला अजिबात मान्य नाही. बाई टेबलावर पाय वर करून, पदर तोंडावर घेऊन पडलेली असताना विचारलं तर ती ‘हो’च म्हणते. ती खुर्चीत बसलेली असतानाच विचार. सासू सोबत असली तरी उत्तर बाईच्या तोंडून घे. ‘कळा येऊनच नाही राहिल्या, करा काय करायचं ते,’ असं म्हणाली तरी सगळं सांग: दुखेल, रक्ताचा डाग दिसेल, पोटात राहून राहून दुखेल, थांबा म्हणालात की मी थांबेन. नको म्हणाली तर कागदावर तसं लिही आणि तितक्याच मायेने पुढची तारीख दे.

घरी पाठवताना बजाव: पाणी गेलं, पाळीसारखं रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली तर सकाळची वाट पाहायची नाही. हिंगण्याच्या पलीकडून आलेली असेल तर रात्री गाडी कोणाची मिळेल तेही विचार, आणि १०८ नंबर तिच्या नवऱ्याच्या मोबाइलमध्ये तुझ्यासमोर टाकायला लाव.

तुझी,
मॅडम