मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ म्हणून रुजू होण्याआधी

तुम्ही विचारलंय की चांगली चाललेली खासगी प्रॅक्टिस सोडून मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात अध्यापक म्हणून जावं का. त्यामागची धास्तीही तुम्ही लिहिली आहे: तिथे आपण नुसत्या चाचण्या करून देणारे होऊन बसू. ही धास्ती रास्त आहे. मी बरीच वर्षं अशाच पदावर काम करते आणि तसं झालेले हुशार सहकारी पाहिले आहेत. म्हणून आधी त्याबद्दल लिहिते, बाकीचं ओघाने येईल.

तुमच्या कामाची पातळी तुमच्या पदनामावरून ठरत नाही. ती इतर विभागांतून तुमच्याकडे येणाऱ्या रेफरन्सच्या चिठ्ठीवर काय लिहिलेलं असतं त्यावरून ठरते. "आयक्यू करून पाठवा." "काउन्सेलिंग करावे." "पेशंट सहकार्य करत नाही, बघावे." लिहिणारा रेसिडेंट, म्हणजे वॉर्डात राबणारा शिकाऊ डॉक्टर, आळशी नसतो. तो रात्रभर जागलेला असतो, आणि मानसशास्त्रज्ञाला नेमकं काय विचारायचं हे त्याला कुणी कधी शिकवलेलं नसतं. ते शिकवणं हे माझ्या मते या नोकरीतलं सगळ्यात मोठं काम आहे. वेळापत्रकात त्याला तास नसतो. ते वॉर्डात, फोनवर आणि केसपेपरवरच्या चार ओळींत होतं.

एक नेहमीचा प्रकार सांगते. सर्जरीच्या वॉर्डातून चिठ्ठी येते: "नैराश्य? काउन्सेलिंग करावे." वयस्क गृहस्थ, ऑपरेशन होऊन तीन-चार दिवस झालेले, भिंतीकडे तोंड करून पडलेले. जेवत नाहीत, बोलत नाहीत. तुम्ही खुर्ची ओढून बसता आणि मनातलं विचारण्याआधी वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगता. डिसेंबर, नोव्हेंबर, पुन्हा नोव्हेंबर, मग गप्प. नजर भलतीकडेच. सिस्टरना विचारलं तर कळतं की काल दुपारी ते व्यवस्थित बोलत होते आणि रात्री सलाइनची नळी ओढत होते. हे नैराश्य नव्हे, शांत प्रकारचं डेलिरियम आहे, म्हणजे शारीरिक कारणाने अचानक आलेला मेंदूचा गोंधळ. आरडाओरडा नसल्यामुळे ते सहज नजरेतून सुटतं. १९९० साली आलेली 'कन्फ्यूजन असेसमेंट मेथड' नेमक्या याच गोष्टी बघायला सांगते: अचानक सुरुवात आणि चढउतार, लक्ष न टिकणं, आणि जोडीला विस्कळीत विचार किंवा जागेपणाच्या पातळीतला फरक, यांपैकी एक तरी.

आता संसर्ग आहे का, सोडियम किती आहे, लघवी तुंबली आहे का, नवीन कुठलं औषध सुरू झालं, हे तपासायचं कुणी? चिठ्ठी पाठवणाऱ्याच युनिटने. त्यामुळे अहवाल लिहून निघून येऊ नका. रेसिडेंटला पलंगाशी बोलवा आणि त्याच्यासमोर ते महिने पुन्हा म्हणवून घ्या. एकदा डोळ्यांनी पाहिलं की तो ते विसरत नाही. पुढे त्याच्याकडून चिठ्ठी येते ती "लक्ष टिकत नाही, डेलिरियम वाटतं, नातेवाईक फार घाबरले आहेत, त्यांच्याशी बोलाल का" अशी. असा प्रश्न आला की तुम्ही चाचण्या करून देणारे उरत नाही.

प्रश्नावल्यांचंही तसंच आहे. वॉर्डात सर्रास पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली भरून घेतात आणि बेरीज पुढे करतात. नऊ प्रश्न, जास्तीत जास्त २७ गुण. पण त्यातले झोप, थकवा, भूक, एकाग्रता हे प्रश्न दाखल असलेल्या कुठल्याही आजारी माणसाचे गुण वाढवतात. कॅन्सरच्या किंवा किडनीच्या रुग्णाचे १४ गुण आणि ओपीडीत चालत आलेल्या तरुणाचे १४ गुण ही एक गोष्ट नव्हे. ही अडचण ओळखूनच १९८३ साली रुग्णालयांसाठी 'एचएडीएस' ही वेगळी प्रश्नावली तयार झाली. तिच्या १४ प्रश्नांत शारीरिक लक्षणं मुद्दाम टाळलेली आहेत. तुम्ही तिथे असण्याचा उपयोग हा की बेरीज वाचण्याआधी कुठल्या प्रश्नाने ती वाढली हे कुणीतरी बघेल.

तिसरी वारंवार येणारी विचारणा म्हणजे "पेशंट ऑपरेशनला नाही म्हणतो, मानसिक तपासणी करा." इथे फार जपून राहा. नकार देणं हे लक्षण नाही. अपेलबॉम आणि ग्रिसो या अभ्यासकांनी १९८८ साली निर्णयक्षमतेच्या ज्या चार बाजू मांडल्या, त्या मी अजूनही रेसिडेंटकडून तोंडपाठ करून घेते: सांगितलेलं समजतं का, ते स्वतःला लागू आहे हे उमगतं का, पर्यायांचा विचार करता येतो का, आणि निवड ठामपणे सांगता येते का. पुष्कळदा तपासणीत निघतं ते एवढंच की पेशंटला ऑपरेशन कशासाठी आहे हे कुणी नीट बसून सांगितलेलंच नव्हतं. अशा वेळी अहवालात रुग्णाबद्दल दोन ओळी पुरतात. युनिटशी मात्र प्रत्यक्ष बोला, आणि तेही चारचौघांत नको.

लिहिण्याबद्दल. वॉर्डातला केसपेपर सगळे वाचतात. खासगी प्रॅक्टिसमधल्या नोंदींची सवय इथे मोडावी लागते. माणसाने विश्वासाने सांगितलेली घरातली गोष्ट उपचारासाठी गरजेची नसेल तर तिथे येता कामा नये. सर्जनला पाच पानं नको असतात. पहिल्या ओळीत उत्तर, मग ते कशावरून, मग आज रात्रपाळीच्या सिस्टरने काय करायचं. शेवटचं नसेल तर अहवाल फाइलमध्ये पडून राहतो.

वर्गातलं शिकवणं त्या मानाने सोपं. वाईट बातमी कशी सांगावी यासाठी २००० साली मांडलेली 'स्पाइक्स' ही सहा पायऱ्यांची पद्धत हाताशी आहे, आणि परीक्षेसाठी हार्डेन आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली मांडलेली 'ऑस्की', म्हणजे एकेका टेबलावर ठरावीक काम प्रत्यक्ष करून दाखवण्याची परीक्षा. विद्यार्थी पायऱ्या पाठ करतात, पण बातमी सांगितल्यावर गप्प बसायला त्यांना जमत नाही, लगेच पुढच्या उपचारांची यादी सुरू होते. सरावात मी त्यांना तिथेच थांबवते आणि समोरच्या माणसाने काही म्हणेपर्यंत बोलू देत नाही. त्या गप्प बसण्याचा सराव मला बाकी सगळ्या पायऱ्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

रेसिडेंट तुमच्याकडे स्वतःचं दुःखही घेऊन येतील. थकलेले, रडवेले, कधी जीव नकोसा झालेले. ऐका, त्याच दिवशी ऐका, जीवाला धोका वाटला तर एकटं सोडू नका. पण ज्याची परीक्षा उद्या तुम्हीच घेणार आहात त्याचे थेरपिस्ट होऊ नका. कॉलेजबाहेरची दोन-तीन भरवशाची माणसं रुजू झाल्याबरोबर शोधून ठेवा.

प्रॅक्टिसमधलं काय सुटेल, तेही सांगते. महिनोन्‌महिने चालणारी थेरपी सुटेल. वॉर्डातला माणूस परवा घरी जाणार असतो, तुमच्या हातात एक भेट असते, फार तर दोन, तीही पडदा ओढून आणि शेजारच्या पलंगावरचा ऐकत असताना. काहींना हे शेवटपर्यंत रुचत नाही, आणि त्यात कमीपणा नाही. मला मात्र त्या एका भेटीत काय करता येतं ते शोधण्यात कामाचा जीव सापडला. आठवड्यातून एक ओपीडी फक्त पुन्हा येणाऱ्या रुग्णांसाठी मिळाली तर जरूर मागून घ्या.

प्रशासनाचा भाग थोडक्यात. अमेरिकेत ओरेगॉनच्या मेडिकल स्कूलमध्ये मानसशास्त्रज्ञ जोसेफ मातारात्झो यांनी १९५७ साली वैद्यकीय मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा केला, पण बहुतेक ठिकाणी आपण आजही मानसोपचार विभागातच असतो. त्याने बिघडत नाही. बढतीचे निकष डॉक्टरांच्या मापाने लिहिलेले असतील तर बिघडतं. म्हणून होकार देण्याआधी विचारा: बढतीत वॉर्डातलं शिकवणं मोजतात का? चाचण्यांसाठी वेगळं माणूस आहे का, की ते सगळं तुमच्यावरच? इतर विभागांच्या राऊंडला तुम्हाला जाता येईल का, की चिठ्ठी आल्यावरच जायचं? रुग्णाशी बोलायला दार लावता येईल अशी खोली आहे का? आणि शक्य असेल तर आधीच्या मानसशास्त्रज्ञाला फोन करून नोकरी का सोडली ते विचारा. राऊंडला जायला मिळणार नसेल, तर मी तुमच्या जागी असते तर प्रॅक्टिस सोडली नसती.